‘तासाभराचं ऊन, वर्षभराची ऊर्जा’: हा आकडा नेमका कुठे मोजलेला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: “मुलीच्या विज्ञान प्रकल्पासाठी वाचताना तीन वेगवेगळी विधानं सापडली. एकात म्हटलंय, पृथ्वीवर एका तासात पडणारी सूर्याची ऊर्जा सगळ्या माणसांना वर्षभर पुरेल. दुसऱ्यात पावणेदोन तास म्हटलंय, तिसऱ्यात सहा तास. खरं कोणतं? हे मोजलं कोणी आणि कशानं? आणि एवढी ऊर्जा फुकट पडत असेल तर आमच्या गच्चीवरच्या ३ किलोवॅट सोलरमधून दिवसाला १२च युनिट का मिळतात?”

तिन्ही विधानं आपापल्या जागी बरोबर आहेत. गेली चोवीस वर्षं मी ऊन मोजायची यंत्रं बसवतो आणि तपासतो, बहुतेक वेळा सोलापूर, धुळे आणि मराठवाड्यातल्या सौर प्रकल्पांवर. या कामात कोणीही उन्हाचा आकडा सांगितला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठे मोजलंत? वातावरणाच्या वर, सपाट जमिनीवर, की पॅनेलच्या उतारावर? तुमच्या तीन विधानांमधला फरक नेमका तेवढाच आहे. तिन्ही ठिकाणी मोजणारा वेगळ्या पायरीवर उभा आहे.

सगळ्यात वरच्या पायरीपासून सुरू करू. वातावरणाच्या बाहेर, पृथ्वीच्या सरासरी अंतरावर, सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एका चौरस मीटरवर १,३६१ वॅट पडतात. पृथ्वी सूर्याला एका चकतीएवढी दिसते. चेंडूची सावली जमिनीवर पडते ती गोल चपटी असते ना, तशी. या चकतीचं क्षेत्रफळ सुमारे १२.७५ कोटी चौरस किलोमीटर. दोन्हींचा गुणाकार केला की सुमारे १,७३,५०० टेरावॅट येतात. एक टेरावॅट म्हणजे एक लाख कोटी वॅट. वॅट हा ऊर्जेचा वेग आहे, नळाच्या धारेसारखा. ही धार तासभर चालू राहिली तर हंड्यात जमते सुमारे ६२५ एक्साज्यूल ऊर्जा (ज्यूल हे ऊर्जेचं माप; एक्साज्यूल म्हणजे एकावर अठरा शून्यं इतके ज्यूल). आणि माणूस सगळं मिळून, म्हणजे कोळसा, तेल, वायू, अणू, पाणी, वारा धरून, वर्षाला साधारण ६०० एक्साज्यूलच्या वर वापरतो. म्हणून पहिलं विधान: तासाभरात वर्षाची ऊर्जा. गणित अगदी चोख आहे. फक्त ही ऊर्जा वातावरणाच्या माथ्यावर मोजलेली आहे, तिथे कोणाची गच्ची नाही.

आता एक पायरी खाली या. चेंडूच्या कातड्याचं क्षेत्रफळ त्याच्या सावलीच्या चौपट असतं. म्हणून रात्र-दिवस, ध्रुव-विषुववृत्त सगळं सरासरीत घेतलं तर १,३६१ चे ३४० होतात. या ३४० वॅटपैकी साधारण ७५ ढग, हवा आणि धूलिकण परत अवकाशात फेकतात, ८० च्या आसपास हवा स्वतः शोषते, आणि जमीन-समुद्रापर्यंत १८५ पोचतात. त्यातलेही २५ च्या आसपास बर्फ, वाळू आणि पाण्यावरून परत वर जातात. जमिनीवर पोचलेल्या १८५ वॅटचा हिशोब केला की वर्षाची ऊर्जा जमायला पावणेदोन तास लागतात. समुद्र वगळून फक्त कोरडी जमीन धरली तर सहा तास. ही झाली तुमची दुसरी आणि तिसरी विधानं. पुढची पायरी कोणी सहसा लिहीत नाही: पृथ्वीवरची सगळी जमीन २० टक्के कार्यक्षमतेच्या पॅनेलनं झाकली, एकही शेत किंवा रस्ता न सोडता, तर वर्षाच्या एकूण ऊर्जेएवढी वीज जमायला तीस तासांच्या आसपास लागतील.

मुलीच्या तक्त्यावर या चारही पायऱ्या एकाखाली एक लिहा. एकच आकडा लिहिण्यापेक्षा त्यातून कितीतरी जास्त कळतं.

आता मोजलं कोणी. हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१८३८ साली फ्रान्समध्ये क्लोद पुये या भौतिकशास्त्रज्ञानं एक उथळ बंद डबा घेतला. त्याचा एक चेहरा काजळीनं काळा केला, आत पाणी भरलं आणि त्यात थर्मामीटर घातला. काळा चेहरा सूर्याकडे धरायचा आणि ठरावीक मिनिटांत पाणी किती तापतं ते पाहायचं. पण पाणी तापतानाच थंडही होत असतं. म्हणून तो उन्हाच्या आधी तेवढाच वेळ सावलीत आणि नंतर परत सावलीत वाचन घ्यायचा, आणि गमावलेली उष्णता हिशोबात परत मिळवायचा. मग प्रश्न हवेचा. सूर्य डोक्यावर असताना किरण कमी हवेतून येतात, कलताना जास्त. वेगवेगळ्या वेळी मोजून त्यानं ताडलं की हवेची जाडी शून्य झाली तर वाचन किती येईल. उत्तर आलं, आजच्या मापात सुमारे १,२३० वॅट. पाण्याचा डबा आणि थर्मामीटर एवढ्या सामग्रीवर तो खऱ्या आकड्याच्या दहा टक्क्यांत पोचला होता. ‘सौर स्थिरांक’ हे नावही त्यानंच दिलं. आजही मी नव्या मुलांना काम शिकवताना पहिल्या दिवशी पुयेची गोष्ट सांगतो, कारण सावली-ऊन-सावली हे तत्त्व आजच्या उपग्रहातही टिकून आहे.

उपग्रहात काय करतात? एक काळी पोकळी असते, शंकूसारखी, तिच्यात शिरलेला प्रकाश जवळपास सगळा शोषला जातो. समोर झडप. झडप उघडली की पोकळी उन्हानं तापते. झडप मिटली की तीच पोकळी विजेच्या तारेनं तेवढीच तापवतात, आणि त्यासाठी किती वीज लागली ते मोजतात. ऊन बरोबर वीज. विजेचं मोजमाप आपल्याला फार अचूक करता येतं, म्हणून उन्हाचंही करता येतं. १९७८ पासून अशी यंत्रं जवळपास सतत अवकाशात आहेत.

गंमत अशी झाली की प्रत्येक यंत्र वेगळा आकडा सांगायचं. कुठे १,३७२, कुठे १,३६७, कुठे १,३६६. २००३ मध्ये सोडलेल्या सोर्स उपग्रहावरच्या यंत्रानं १,३६१ सांगितलं, आणि आधी सगळ्यांना वाटलं की हे नवंच यंत्र चुकतंय. कारण सापडायला काही वर्षं गेली. प्रकाशाचं क्षेत्रफळ ठरवणारं अचूक छिद्र जुन्या यंत्रांमध्ये आत खोलवर होतं आणि पुढे मोठं तोंड होतं. त्या मोठ्या तोंडातून जास्तीचा प्रकाश आत शिरून विखरायचा आणि थोडा पोकळीत पोचायचा. नव्या यंत्रात अचूक छिद्र पुढे आणलं, जास्तीचा प्रकाश बाहेरच थांबला. २०११ मध्ये हे नीट मांडलं गेलं, आणि २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलीय संघटनेनं १,३६१ हा आकडा प्रमाण म्हणून घेतला.

आता यातला ५ वॅटचा फरक पृथ्वीच्या चकतीनं गुणून बघा: जवळपास ६४० टेरावॅट. माणसाचा एकूण वापर सरासरी १९-२० टेरावॅट. म्हणजे छिद्र पुढे की मागे एवढ्या गोष्टीनं सूर्याच्या हिशोबात जी दुरुस्ती झाली, ती सगळ्या मानवजातीच्या ऊर्जावापराच्या तीसपटीहून जास्त होती. या दोन राशींमधलं अंतर मला या एका उदाहरणातून जेवढं कळलं तेवढं ‘माणसाच्या वापराच्या नऊ हजार पट सूर्याची ऊर्जा’ या शब्दांतून कधी कळलं नव्हतं.

जमिनीवरच्या मोजमापाची गोष्ट वेगळी आणि आपल्या घरची आहे. पुण्यात शिवाजीनगरला वेधशाळा आहे, जुने पुणेकर तिला अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, कारण १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं. तिथे हवामानशास्त्रज्ञ अॅना मणी यांनी १९४८ पासून काम केलं. हवामानाची यंत्रं परदेशातून येण्याची वाट न बघता इथेच बनवायची आणि इथेच प्रमाणित करायची, हा त्यांचा आग्रह. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात देशात सौर प्रारण मोजणारी केंद्रं उभी राहिली ती त्यांच्या देखरेखीखाली. १९८० आणि १९८१ मध्ये त्यांनी भारतातल्या सौर प्रारणाचे जे दोन ग्रंथ प्रसिद्ध केले, त्यावर आमच्या क्षेत्रातल्या एका आख्ख्या पिढीनं आपले हिशोब केले. सोलर पंप, सोलर हीटर बसवणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत आहे ते मला माहीत नाही, पण माहीत असायला हवं.

शेतात किंवा प्रकल्पावर आम्ही लावतो ते पायरॅनोमीटर. काचेच्या दुहेरी घुमटाखाली एक काळी चकती असते. ती तापली की तिच्या आणि यंत्राच्या थंड अंगामधल्या तापमानातल्या फरकातून थर्मोपाइल इवलासा विद्युतदाब तयार करतं, उन्हाच्या प्रत्येक वॅटमागे साधारण १० मायक्रोव्होल्ट. सगळं शास्त्र बरोबर असूनही आकडा चुकतो तो अगदी साध्या कारणांनी. पाणसळीतला बुडबुडा एका अंशानं सरकला तर डिसेंबरच्या दुपारी दीड टक्क्याची चूक होते. पहाटेचं दव, पक्ष्याची विष्ठा, जवळच्या खडी क्रशरची धूळ, या प्रत्येकाचा आकड्यावर परिणाम होतो. रात्री घुमट मोकळ्या आकाशाकडे उष्णता टाकून थंड होतो तेव्हा यंत्र शून्याखाली दोन-तीन वॅट दाखवतं. नवीन अभियंते ते पाहून यंत्र बिघडलं म्हणून फोन करतात. ते बिघडलेलं नसतं, उलट रात्री अगदी शून्य दाखवणारी नोंद आली तर कोणीतरी ती नंतर सुधारली आहे असं समजायचं.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका प्रकल्पावर मार्च-एप्रिलमध्ये प्रकल्पाची कामगिरी, म्हणजे मोजलेल्या उन्हामागे मिळालेली वीज, दर आठवड्याला सुधारताना दिसत होती. मालक खूश होते. मी जाऊन पाहिलं तर पॅनेल नियमित धुतले जात होते, घुमटाला मात्र दोन महिने कोणाचा हात लागला नव्हता. यंत्राला ऊन कमी दिसत होतं, म्हणून तेवढ्याच विजेत प्रकल्प चांगला भासत होता. घुमट शुद्ध पाणी आणि मऊ कापडानं पुसला तसा आकडा एकदम ६ टक्के वर गेला. घुमट कधी पुसायचा याचं वेळापत्रक लिहून देणं माझं काम होतं आणि मी ते दिलं नव्हतं. तेव्हापासून कुठलंही यंत्र बसवलं की त्याच दिवशी ते वेळापत्रक भिंतीला लावून येतो.

एक गोष्ट अशी की जी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता. पुण्यात एप्रिलच्या स्वच्छ दुपारी आडव्या यंत्रावर १,००० वॅटच्या आसपास येतात. पण पावसाळ्यात ढग फुटून ऊन पडतं तेव्हा काही सेकंद १,३०० च्या घरात वाचन येतं, कारण थेट उन्हात ढगांच्या पांढऱ्या कडांवरून आलेला प्रकाश मिसळतो. अशी नोंद चुकीची समजून पुसू नका. मात्र त्यावरून दिवसाचा अंदाजही बांधू नका. त्याच दिवसाची एकूण ऊर्जा उन्हाळ्यातल्या दिवसाच्या निम्मी भरू शकते.

आता माणसाच्या बाजूचा आकडा. इथे मला सावध करावंसं वाटतं. सूर्याचा आकडा हजारात एका भागाहूनही बारीक माहीत आहे. माणसाचा मात्र वहीखात्यातून येतो. किती टन कोळसा जळला, त्याचं उष्मांक मूल्य किती, म्हणजे जळून तो किती उष्णता देतो. आपल्या कोळशात राख जास्त, ऑस्ट्रेलियाच्या कोळशात कमी, म्हणजे टनाला टन सारखा नाही. चुलीत जळलेलं सरपण आणि गोवऱ्या काही अहवाल धरतात, काही धरत नाहीत. धरणाच्या विजेचं मूल्य विजेएवढं लावायचं, की तेवढी वीज कोळशानं बनवायला जेवढा कोळसा लागला असता तेवढं? दोन्ही पद्धती चालतात, आणि पद्धत बदलली की जगाचा एकूण आकडा काही टक्के हलतो. म्हणून ‘साडेआठ हजार पट’ आणि ‘नऊ हजार पट’ यांवरून भांडण्यात अर्थ नाही. ‘नऊ हजारच्या आसपास’ म्हणा.

मुलीला आवडेल असा एक हिशोब: माणसाचं शरीर दिवसाला २,००० किलोकॅलरी अन्न वापरतं, म्हणजे सव्वादोन युनिट, म्हणजे सतत जळणारा १०० वॅटचा दिवा. जगातला सरासरी माणूस सगळ्या मार्गांनी मात्र २,३०० वॅटच्या आसपास वापरतो, दिवसाला ५५ युनिटच्या वर. स्वतःच्या शरीराच्या तेवीसपट. भारतीय माणूस त्याच्या साधारण एक तृतीयांश, दिवसाला २० युनिटच्या आसपास. यात तुमच्या वीजबिलातले युनिट थोडेच असतात. बाकीची ऊर्जा एसटीच्या डिझेलमध्ये, सिमेंटमध्ये, खतात, पोलादात गेलेली असते.

इथून तुमच्या गच्चीवर येऊ. ३ किलोवॅट ही पाटी प्रयोगशाळेतली आहे: १,००० वॅट ऊन, पॅनेल २५ अंशांवर. आपल्याकडे वर्षाच्या सरासरीत आडव्या चौरस मीटरवर दिवसाला ५ ते ६ युनिट ऊन पडतं. तुमचे पॅनेल साधारण १५ चौरस मीटर असतील, म्हणजे त्यांच्यावर दिवसाला ८० युनिटच्या आसपास ऊन पडतं. त्याचा पाचवा भाग वीज, म्हणजे १६. मे महिन्यात पॅनेल ६० अंशांना पोचतात तेव्हा दर अंशामागे पाव ते अर्धा टक्का उत्पादन घटतं. धूळ, वायर, इन्व्हर्टर, शेजारच्या टाकीची सावली वजा करा आणि पावसाळ्याचे महिने धरा. सरासरी १२ युनिट म्हणजे किलोवॅटला ४, हे चांगलं उत्पादन आहे. तुमची यंत्रणा निरोगी आहे. जुलैमध्ये ८ आले तर घाबरू नका, फेब्रुवारीच्या स्वच्छ आकाशात ८ आले तर मात्र तंत्रज्ञाला बोलवा.

मोठ्या प्रमाणावरही हीच पायरी-पायरीची घट चालते. आमच्याकडे एक मेगावॅटला चार ते पाच एकर जमीन लागते आणि वर्षाला साधारण १६ ते १८ लाख युनिट मिळतात. भागाकार केला तर प्रत्येक चौरस मीटर जमिनीमागे सतत १० वॅटच्या आसपास वीज. वरून निघालेले १,३६१ आणि हातात आलेले १०. तरीही या १० वॅटनं जगाचे १९ टेरावॅट भागवायचे तर १९ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे सहा महाराष्ट्र लागतील. प्रत्यक्षात याहून बरंच कमी, कारण कोळसा आणि पेट्रोलची बरीचशी ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते आणि विजेवर चालणाऱ्या यंत्रांना तेवढी लागत नाही. पण रात्रीसाठी साठवण लागते, वाहिन्या लागतात, आणि मुख्य म्हणजे जमीन कोणाची घ्यायची हा प्रश्न असतो. धुळ्यात मी पडीक म्हणून नोंदलेल्या जमिनीवर वर्षानुवर्षं मेंढरं चरताना पाहिली आहेत. ‘नऊ हजार पट’ हा आकडा या प्रश्नाचं उत्तर देत नाही, म्हणून मी तो भाषणात वापरत नाही.

मुलगी विचारेल म्हणून आणखी एक: माणूस जाळतो त्या उष्णतेनंच पृथ्वी तापते का? १९ टेरावॅट पृथ्वीच्या ५१ कोटी चौरस किलोमीटरवर पसरले तर चौरस मीटरला ०.०४ वॅटही होत नाहीत. पृथ्वीत येणारी ऊर्जा बाहेर जाणाऱ्या ऊर्जेपेक्षा सध्या सुमारे १ वॅटनं जास्त आहे, म्हणजे त्याच्या पंचवीसपट. जळणाच्या उष्णतेपेक्षा त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जाणारी उष्णता अडवतो, ते कितीतरी भारी पडतं. आणि हा १ वॅट दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून भरवशानं काढता येत नाही, वर पाहिलंत ना, उपग्रहांच्या आकड्यांतच ५ वॅटचा घोळ होता. त्यासाठी समुद्रात तरंगणाऱ्या हजारो आर्गो यंत्रांनी पाण्याचं तापमान मोजून हिशोब जुळवला जातो.

प्रकल्पासाठी पुयेचाच प्रयोग करा. साधारण १५ सेंटीमीटर व्यासाचा उथळ पत्र्याचा डबा, त्यात मोजून २५० ग्रॅम पाणी, इतकं की डबा भरेल आणि पाणी वरच्या चेहऱ्याला आतून लागेल. तो चेहरा बाहेरून मॅट काळ्या रंगानं रंगवा, बाजूंना आणि तळाला थर्माकोल. बाजूच्या भोकातून थर्मामीटर, भोक मेणानं बंद. दिवाळीनंतरचा निरभ्र दिवस निवडा. सूर्याकडे कोणीही थेट बघायचं नाही; डब्याची मागे पडणारी सावली अगदी गोल झाली की चेहरा सूर्याकडे आहे असं समजा. पाच मिनिटं छत्रीच्या सावलीत, पाच उन्हात, परत पाच सावलीत, आणि अधूनमधून डबा हलकेच हलवत राहा. समजा उन्हात पाणी ३.६ अंश तापलं, आधीच्या सावलीत ०.१ आणि नंतरच्या सावलीत ०.९ अंश उतरलं. सरासरी घट ०.५, म्हणून खरी वाढ ४.१ अंश. ४.१ गुणिले २५० गुणिले ४.१८६, भागिले ३०० सेकंद, म्हणजे सुमारे १४.३ वॅट. डब्याच्या चेहऱ्याचं क्षेत्रफळ ०.०१७७ चौरस मीटर, म्हणून चौरस मीटरला ८०० वॅटच्या थोडं वर.

हेच दुपारी साडेबाराला, तीनला आणि साडेचारला करा. सकाळी पुण्यासारख्या शहरात धुरकं असतं, म्हणून दुपारीच. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना किरणांना डोक्यावरच्या तुलनेत दुप्पट हवा ओलांडावी लागते. आडव्या अक्षावर हवेची जाडी आणि उभ्या अक्षावर वाचनाचा लॉगॅरिदम घेतला की बिंदू जवळपास एका रेषेत येतात. ती रेषा शून्य जाडीपर्यंत वाढवली की वातावरणाबाहेरचा आकडा हाती येतो. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, तेव्हा खरं उत्तर १,४०० च्या थोडं वर असतं. मुलीचं त्याहून कमी येईल, पुयेचंही आलं होतं. वाचनं मला पाठवा: डब्याचा व्यास, पाण्याचं वजन, प्रत्येक वाचनाची वेळ आणि गावाचं नाव एवढं लिहा, म्हणजे सूर्याची उंची मी इथून काढून देतो.